दुसरं टोक

मित्रांनो, शनिवार पेठेतल्या एका खोलीत शिलाई मशीन आहे. त्याच्या खणात, बटणांच्या डब्याशेजारी गुंडाळून पडलेली पिवळी पट्टी म्हणजे मी. माप घ्यायची जुनी टेप.

सरोजिनीबाईंनी मला बोहरी आळीतून आणलं, तेव्हा माझे आकडे काळेभोर होते. बाई ब्लाउज शिवत. दिवसभर मी त्यांच्या गळ्यात. माप घेताना त्या माझ्याखाली दोन बोटं सरकवत आणि म्हणत, "श्वासाला जागा नको का गं?" मशीन चाललं की गुणगुणत:

सुईतून गेला दोरा, दोऱ्यामागं गेली लेक,
गाठ मारायची राहिली, टोक हाती उरे एक.

त्यांची लेक नीरजा खरोखरच गेली. हिंजवडीला नोकरी, तिकडंच घर. बाईंची नजर अधू झाली, मशीन थांबलं. मी खणात. बटणं निदान एकमेकांशी खुळखुळतात. मी कुणाशी बोलू?

मग एकदा खण उघडला. बाईंचं हृदय थकलं होतं, पायांत पाणी साचत होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी पलंगावरून उतरायच्या आधी पोटरी मोजायची, एकाच खुणेवर. टेप अंगाला टेकावी, रुतू नये. नीरजाने पेनने खूण करून दिली. बाई तिला फोनवर आकडा सांगू लागल्या.

एका सकाळी जुन्या सवयीने दोन बोटं आत राहिली. आकडा इंचभर वाढला. नीरजा ऑफिस टाकून धावत आली. वरणभात जेवली, आईची वेणी घालून गेली.

पुढच्या आठवड्यात बोटं पुन्हा आत गेली. या वेळी सवयीने नव्हे. मला कळत होतं, पण टेपला तोंड कुठं असतं?

नीरजाने कळवलेला आकडा ऐकून डॉक्टरांनी पाणी काढायची गोळी वाढवली. बाईंना ओट्याशी चक्कर आली. ओटा हाताशी होता म्हणून वाचल्या.

नीरजा आली. तिने स्वतः मोजलं.

"पाय तर वाळलाय! आई, तू मोजतेस कशी? दाखव बरं."

बाईंनी मला पोटरीभोवती घेतलं. बोटं आत गेलीच.

"अगं, पायाला ब्लाउज शिवतेस का?"

बाई हसल्या. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. "इंच वाढला की तू येतेस गं."

नीरजाने मला पोटरीवरून सोडवलं. मग डॉक्टरांना फोन करून तिने सगळं खरं सांगितलं. गोळी पुन्हा पहिल्याइतकी झाली.

"दर रविवारी मी मोजीन," ती म्हणाली. "वाढो, न वाढो."

"ट्रॅफिक असतो गं तुझ्याकडं."

"कारणं मी सांगायची असतात, आई. तू नाही."

बाकीच्या सकाळी बाई एकट्याच मोजतात. बोटं बाहेर, आकडा खरा. फोन पटकन संपतो. मी मात्र बराच वेळ त्यांच्या गळ्यात असते, पूर्वीसारखी. आम्ही दोघी रविवारची वाट बघतो.

मित्रांनो, घरी माप घ्याल तेव्हा एकाच वेळी, एकाच खुणेवर घ्या. मला ओढू नका, सैलही सोडू नका. चुकीच्या आकड्यावर चुकीचं औषध येतं. आणि तुमच्या घरात कुणी एकटंच मोजत बसलं असेल, तर जवळ जा. माझं दुसरं टोक धरा.