दार उघडं असताना

१९९७ साली नांजीकोट्टै रस्त्यावरच्या एका कारखान्यात मोपेडच्या सांगाड्यांना वेल्डिंग करणारा रोबो आला, तेव्हा तो चालवायला कोणी पुढे येईना. नागलक्ष्मी तेव्हा सव्वीस वर्षांची, आयटीआय झालेली. तिने यंत्राची जाडजूड पुस्तिका घरी नेऊन तीनदा वाचली आणि महिन्याभरात तो पिवळा हात तिच्या हुकमात आला.

हाताभोवती पुरुषभर उंचीची जाळी होती. जाळीच्या दाराला एक पोलादी जीभ. दार लावलं की ती चौकटीतल्या खाचेत बसायची, आणि तरच यंत्र चाले. दार उघडलं की हात असेल तिथे थिजे.

वेल्डिंगचे थेंब हाताच्या टोकाशी साचत. ते खरवडायला दर अर्ध्या तासाने दार उघडावं लागे आणि पुन्हा सुरू करण्यात पाच मिनिटं जात. पोंगलनंतर मागणी वाढली. एका सकाळी सुपरवायझर गुरुमूर्तींनी स्टोअरमधून तसलीच एक सुटी जीभ आणली, खाचेत बसवली आणि वरून तार गुंडाळली. आता दार सताड उघडं असलं तरी यंत्राला ते बंदच वाटणार.

"दोन सांगाड्यांच्या मधे तो थांबतो ना, तेवढ्यात आत जायचं, खरवडायचं, बाहेर यायचं," ते म्हणाले. "यंत्र बंद करायचं नाही."

"तो थांबत नाही, सार. पुढच्या सांगाड्याची वाट बघतो. इशारा मिळाला की फिरतो. समोर कोण आहे ते त्याला दिसत नाही."

"तू जातेस की सांबशिवला पाठवू?"

सांबशिव तिथला सर्वांत जुना वेल्डर. त्याच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं. तो पुढे आला आणि त्याने खरवडणी उचलली. नागलक्ष्मीने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"कोणीच जाणार नाही," ती म्हणाली आणि तिने लाल बटण दाबलं.

अख्खी ओळ ठप्प झाली. मॅनेजर सुब्रमण्यम खाली धावत आले. "कोणी बंद केलं?"

"मी."

तिने गुरुमूर्तींचं लाकडी स्टूल घेतलं आणि लांब पाइपने उघड्या दारातून आत ढकललं. बाहेरच्या बाजूने सांगाडा बसवला, लाल बटण सोडलं, हिरवं दाबलं. क्षणभर काहीच हललं नाही. मग हात गर्रकन फिरला. स्टूल जाळीवर आदळलं, आणि त्याचा एक तुटका पाय घरंगळत मॅनेजरांच्या बुटापाशी आला.

"सार, आता आपण आत जा," ती म्हणाली. "बटण मी दाबते."

साठ माणसं उभी होती. कोणी हसलं नाही. सुब्रमण्यम लाल झाले आणि वर निघून गेले. दुपारी कागद आला: काम बंद पाडलं, सामान मोडलं, माफीपत्रावर सही करेपर्यंत पॅकिंगमध्ये बसायचं.

घरी वडील, श्रीनिवासराव, पोस्टातून निवृत्त झालेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सही करशील?"

"नाही, अप्पा."

"मग बैस येथे. फॅक्टरी इन्स्पेक्टरला लिहू." त्यांनी स्वच्छ इंग्रजीत अर्ज लिहिला, तिने तारेचं चित्र काढलं, आणि अर्ज रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह गेला.

सात आठवडे ती खोक्यांना पट्ट्या लावत राहिली. तार तशीच होती, पण आत जायला कोणी तयार होईना. गुरुमूर्तींनी सांबशिवला पुन्हा सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "ते स्टूल मी पाहिलंय, सार." यंत्र बंद करूनच खरवडावं लागे, आणि नव्या माणसाला ते सुरू करताना पंधरा मिनिटं लागत.

आठव्या आठवड्यात इन्स्पेक्टर आले. त्यांनी स्वतःच्या हाताने तार कापली, सुटी जीभ पाकिटात घातली आणि खाचेभोवती, फक्त दाराचीच जीभ आत जाईल असं कुलूपबंद पोलादी झाकण बसवायला लावलं.

सुब्रमण्यमनी तिला बोलावलं. "उद्यापासून यंत्रावर ये. फक्त या कागदावर सही कर. सगळ्यांसमोर माझा मान राहील."

"यंत्रावर आजच येते, सार. सही नाही करणार. मी चुकले नाही."

कागद टेबलावरच ठेवून ती जिना उतरली. मागून हाक आली नाही. तिने जाळीचं दार उघडलं, यंत्राचा हात थिजला. ती आत गेली आणि टोकाशी साचलेले थेंब सावकाश, नीट खरवडत बसली. गुरुमूर्ती घड्याळाकडे बघत बाहेर उभे होते.