पाऊण फेरा

"चढावर पोराचा पाय क्लचवरच राहिला, सोनूबाई. दुसरं काय सांगू?" गॅरेजमालक चंद्रप्रकाशशेठने जळालेली क्लचप्लेट टेबलावर आपटली. "बघा. कोळसा झालाय. गाडीचा काय दोष नाय."

सोनूबाईने प्लेट उचलली, वास घेतला आणि दारात उभ्या आपल्या मुलाकडे पाहिलं. अल्पेश खाली बघत होता. दोन महिने तो खालीच बघत होता.

त्यांच्याच पिकअपखाली लहू मिस्त्री पाठीवर पडून होता. हातात पाना होता, पण हात थांबला होता.

माहुलला त्यांच्या गल्लीत भरतीचं पाणी चढतं. इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून अल्पेशने तीन महिन्यांपूर्वी विक्रोळीच्या या गॅरेजात पिकअप चार इंच उचलून घेतली, मोठे टायर टाकले. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतो. इंजिन मात्र तेवढंच. चढावर ते दम टाकतं. म्हणून मागच्या ॲक्सलमधलं गिअरच्या दात्यांचं गणितही बदलावं लागतं. बावीस वर्षं लहू हेच काम करत होता. त्याने तेव्हा शेठला बाजूला घेऊन सांगितलंही होतं. शेठ म्हणाला, "आत्ता दात्यांचं नाव काढलंस तर गिऱ्हाईक पळेल. मासेच वाहायचेत ना?"

लहू गप्प बसला. आमच्याकडे कामगाराला पाना जरा कमी चालवता आला तरी खपतं, तोंड बंद ठेवता आलं पाहिजे. लहूला दोन्ही उत्तम येत होतं.

महिन्याभरात जेट्टीच्या चढावर, बर्फ आणि मासळीने भरलेली पिकअप मागे सरकली. अल्पेशचा बाप शिवदास चाकामागे दगड लावायला वाकला होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

"बाप पोराशी बोलत नाय," सोनूबाई म्हणाली. "पोर गाडीत बसत नाय. येका घरात दोन मुके सांभाळते मी. शेठ, आईची शपथ घेऊन सांगा, याच्याच हातून झालं?"

"मग काय माझ्या हातून?" शेठ हसला. "व्हिडिओ बघून शिकलेली पोरं ही. मोठे टायर पायजेत, स्टाइल पायजे."

"स्टाइल नव्हती," अल्पेश पुटपुटला. "पाणी भरतं."

"बघा! वर तोंड."

गाडीखाली लहूच्या डोळ्यांत गंजाचा भुगा पडत होता. पार्कसाइटची भाड्याची खोली, लेक श्रुतिकाचं नर्सिंगचं दुसरं वर्ष, हे सगळं त्याला आठवलं. ते दोन महिने रोज आठवत होतं. तरी तो जेवत होता, झोपत होता. माणूस काहीही पचवतो. फक्त त्या पोराचं ते खाली बघणं आज त्याला पचेना.

तो सरकत बाहेर आला.

"पोराचा दोष नाय."

"लहू, चहा सांगून ये," शेठ म्हणाला.

"मला म्हायत होतं, मावशी. टायर बदलले तेव्हाच दाते बदलायचे होते. बदलले नाय."

"कोनाला म्हायत होतं?"

"मला. शेठला बोललो होतो. तुम्हाला नाय बोललो."

सोनूबाई त्याच्या अगदी जवळ आली. "तवा तोंडात काय बोंबील होता तुज्या?"

लहूने हातातला पाना खाली ठेवला.

"उद्यापासून येऊ नकोस," शेठ ओरडला. "आत्ताच डबा उचल नि नीघ!"

"निघतो. यांना दाखवून निघतो."

त्याने जॅक लावून मागची दोन्ही चाकं वर घेतली. टायरवर खडूने रेघ मारली, इंजिनाकडून मागे येणाऱ्या शाफ्टवर दुसरी. "अल्पेश, ते चाक तू धर, हे मी. बरोबर एक फेरा. मावशी, तुम्ही शाफ्टवरची रेघ मोजा."

सोनूबाई काष्टा सावरून खाली बसली. चाकं हळूहळू फिरली.

"येक. दोन. तीन..." ती थांबली. "चवथा पुरा नाय झाला."

"पावणेचार. या टायरला साडेचार पायजे होते." लहूने शाफ्टवर पहिल्या रेघेपासून पाऊण फेरा मोजून दुसरी रेघ ओढली. "एवढं कमी पडलं. म्हणून चढावर जोर पुरला नाय, क्लच जळाला."

सोनूबाईने शाफ्टला हात घातला. अंगठा एका रेघेवर, करंगळी दुसरीवर.

"वीतभर पन नाय," ती म्हणाली.

अल्पेशचे दोन्ही हात अजून टायरवर होते. तो टायरकडे नाही, आईच्या हाताकडे बघत होता.

"फोन लाव बापाला," शाफ्टवरचा हात न काढता ती म्हणाली. "अन् याच्या हातात दे. मी नाय बोलनार, तू नाय बोलनार. हा बोलंल."

अल्पेशने फोन लावून पुढे केला. लहूने ग्रीसचे हात पँटला पुसले, तरी फोनवर डाग पडलेच. रिंग बराच वेळ वाजत राहिली. घरात फोन लांब असेल, तिथवर पोचायला त्या माणसाला वेळ लागत असेल.

मग कुबडी टेकल्याचा आवाज आला आणि एक घोगरा आवाज म्हणाला, "हां, कोन?"

लहू जमिनीवरून उठून उभा राहिला.