बाराव्या मजल्यावरची काच

डॉक्टरांनी आत्याला तोंडावर सांगितलं, "त्या घरात राहिलात तर हा खोकला जायचा नाही. हवा बदला." आमचा तळमजला, खिडकी थेट रस्त्यावर. बाबांनी लगेच काकाला फोन लावला. काका राहतो पार लांब, डोंगराच्या पायथ्याशी. म्हणजे आत्या तिकडे जाणार आणि बाबा शिफ्टला. घरात उरणार कोण, तर मी आणि फ्रिज!

मी रांगत होते तेव्हापासून आत्यानेच मला वाढवलंय. मी बरी जाऊ देईन तिला!

"बाबा, आपल्याच बिल्डिंगमध्ये बाराव्या मजल्यावर फ्लॅट रिकामा आहे. लांब कशाला जायचं? वर जाऊ."

"वर हवा चांगली असते हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. मी मोजते."

आत्या खोकता खोकता हसली. "मोज, मोज. आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं!"

विज्ञानाच्या बाईंनी शाळेतल्या काचपट्ट्या दिल्या. पट्टीला पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावायचा, ती खिडकीबाहेर दोऱ्याने टांगायची, दुसऱ्या दिवशी काढायची. हवेत जे उडतं ते चिकटतं. मग सूक्ष्मदर्शकाखाली कण मोजायचे. सोप्पं! अवघड होतं ते दारं वाजवणं. एकाखाली एक अशा खिडक्या हव्या होत्या: आमची, चौथ्याची, आठव्याची, बाराव्याची. गेल्या वर्षीची मी असते तर बेल दाबून धूम ठोकली असती. आताची मी ताठ उभी राहिले. चौथ्यावरचे आजोबा म्हणाले, "काही विकायचं असेल तर नको." आठव्यावरच्या दादाने हेडफोन न काढताच मान हलवली. पट्टी मात्र दोघांनीही टांगू दिली. जन्मापासून मी याच बिल्डिंगमध्ये राहते, पण यांच्यापैकी एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. त्यांना माझं कुठून असणार?

बाराव्यावरच्या काकूंनी मात्र मला बसवूनच घेतलं. एकट्याच राहतात. घर इतकं लख्ख की मी पाय सोफ्याखाली लपवले. रिकामा फ्लॅट त्यांच्या शेजारचाच. "म्हणजे तुम्ही शेजारी येणार? खरंच येणार?" त्या विचारतच राहिल्या.

पट्ट्या शाळेत नेल्या. आमच्या खिडकीची म्हणजे मिरपूड सांडल्यासारखी. चौथ्या-आठव्याची तिच्याहून जरा बरी, एवढंच. आणि बाराव्याची? आरसा! एक कण सापडेल तर शपथ. मी प्रयोगशाळेतच नाचले.

बाबांनी फ्लॅटच्या मालकाला फोन केला. आत्याने भरलेली बॅग उपसली आणि कपडे पुन्हा कपाटात लावले. मी उड्या मारत आभार मानायला वर गेले.

"काकू, तुमच्याकडे हवेत कणच नाहीत!"

"अगं, कसे नाहीत? काळीकुट्ट झाली होती ती! दुसऱ्याची वस्तू अशी परत द्यायची का? साबणाने धुतली, पुसली, वर पुन्हा जेली लावली. होती तश्शी केली की नाही?"

त्या शाबासकीची वाट बघत होत्या. मी म्हटलं, "छान केलंत." मग नवी पट्टी पुढे केली. "ही तेवढी धुऊ नका हं. मला घाणच हवीय."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे मी घोटाळा केला का गं?"

"नाही हो. उद्या बघू."

दुसऱ्या पट्टीवर धुळीचे मोठे कण खरंच कमी होते. पण बारीक काळे ठिपके, बाई म्हणतात तेच छातीत खोल जातात, ते आमच्या खिडकीइतकेच. मी पट्टी सरकवली, दुसरा कोपरा बघितला, डोळे चोळून पुन्हा बघितला. ठिपके काही केल्या कमी होईनात.

घरी आले तर बाबा मालकाकडे जायला बूट घालत होते. मी गप्प बसले असते तर आत्या राहिली असती. खोकत, पण माझ्याजवळ. पहिली पट्टी स्वच्छ का निघाली, हे घरात मला एकटीलाच ठाऊक होतं.

"बाबा," मी म्हटलं, "बूट काढा."

सगळं ऐकून बाबा खुर्चीतच बसून राहिले, एक बूट पायात, एक हातात. आत्याने माझं नाक तिच्या ओढणीने पुसलं. "नीट मोजलंस ना? मग रडतेस काय, वेडे?" आणि ती कपाटाकडे वळली.

ती काकाकडे गेली त्याला आता बरेच दिवस झाले. शाळेतून येते, कुलूप काढते, दिवा लावते. काल फोन आला. "जेवलीस का, भाजी टाकून दिलीस ना, मला माहितीये, आणि केस विंचरलेस की तशीच झिपरी गेलीस, आणि बाबांना सांग त्यांचा स्वेटर खालच्या खणात आहे, आणि रात्री कडी नीट लाव, आणि…"

मधे एकदाही खोकली नाही. श्वास घ्यायलासुद्धा थांबली नाही. बाहेर गाड्यांचा गोंगाट वाढला तसा मी फोन कानाशी घट्ट दाबून धरला आणि तिला बोलू दिलं.