सहा जागा, सात चिठ्ठ्या

चष्मेकाकांच्या दुकानात फरशीवर एक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. गिऱ्हाइकानं तिच्यावर उभं राहायचं, समोरच्या भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायचा, आणि काकांनी तेवढ्यात नंबर ताडायचा. पस्तीस वर्षं हाच उद्योग. डोळे तपासता तपासता माणूसही कळतो, असं काका म्हणायचे आणि म्हणताना छाती जरा फुगवायचे. का नाही फुगवणार? शाळेच्या समितीवर सात जण निवडून आले होते, आणि सगळ्यांत जास्त मतं काकांना पडली होती. रस्त्यानं निघाले की चार जण थांबवून बोलत, आणि त्या चारांतल्या तिघांचं काहीतरी काम असायचं.

त्या सकाळी कोपऱ्यावरची इस्त्रीवाली आपल्या मुलीला घेऊन आली. मुलगी पाचवीत, पण अंगानं एवढीशी, म्हणून सगळे तिला इवली म्हणत. नाकावर जाड भिंगांचा चष्मा, काकांनीच बनवलेला.

“काका, नंबर वाढलाय का बघा,” इस्त्रीवाली म्हणाली. “सहामाहीत तीन विषय गेले. मागच्या वर्षी एकही गेला नव्हता. हिचे बाबा म्हणतात, वार्षिकला गेली तर शाळा बास, घड्या घालायला बसव.”

काकांनी इवलीला पट्टीवर उभं केलं. नंबर होता तेवढाच होता. वरच्या दोन ओळी तिनं वाचल्या आणि थांबली. काकांनी तिला एक पाऊल पुढं बोलावलं, मग अजून एक. तक्त्यापासून आठ फुटांवर आली तशी पोरगी घडाघडा वाचायला लागली. चष्म्यानं व्हायचं तेवढं झालेलं होतं, मोठ्या डॉक्टरांनीही पूर्वी तसंच लिहून दिलं होतं. बाकीचं काम अंतराचं होतं.

“हिला पहिल्या बाकावर बसवा म्हणावं. एवढंच औषध.”

“तिथंच बसायची की. शाळा सुरू झाली आणि समितीतल्या कुणाची तरी चिठ्ठी आली. त्यांच्या नातीला पुढं घेतलं, हिला मागं उठवलं.” इस्त्रीवालीच्या बोलण्यात राग नव्हता. इस्त्री तापायला वेळ लागतो असं सांगावं, तसं तिनं सांगितलं.

इवली आईच्या ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत होती. “तिथं आता भिंगरी बसते,” ती म्हणाली.

भिंगरी कोण हे इस्त्रीवालीला ठाऊक नव्हतं. काकांना होतं. एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या आपल्या नातीला हे नाव त्यांनी स्वतःच ठेवलं होतं. त्यांना एकदम इतकी लाज वाटली की ते पाठ फिरवून तक्त्यावरची धूळ झटकायला लागले.

आता या चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. समितीतल्या प्रत्येकाकडे एक छोटं पॅड असायचं. अमक्याला तमक्या वर्गात घ्या, हिला पुढं बसवा, त्याला दुसऱ्या तुकडीत टाका. खाली सही ठोकली की मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, मुकाट्यानं तसं करत. यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं. माणसं कामं घेऊन येत, कामं होत, माणसं खूश. समितीच्या बैठका व्हायच्या त्या नळाच्या तोटीवर आणि वार्षिक समारंभाच्या हारांवर. भिंगरीची चिठ्ठी काकांनी दुकानात उभ्या उभ्या लिहिली होती, सून म्हणाली म्हणून. आणि आता ती चूक निस्तरायची म्हणून त्यांनी काय करावं? दुसरी चिठ्ठी लिहिली.

मोठ्या बाईंनी ती वाचली, खण उघडला आणि एक जुना डबा टेबलावर ठेवला. त्यातून सहा चिठ्ठ्या काढून ओळीनं मांडल्या. काकांची सातवी.

“पाचवीत पहिल्या तीन बाकांवर सहा जागा आहेत,” बाई म्हणाल्या. “उठवू कुणाला? तेवढं याच कागदावर लिहून द्या.”

“माझ्या नातीला उठवा.”

“उठवते. पण काका, इवली तुमच्या दुकानात आली म्हणून तुम्ही आलात. पुढची इवली येईलच असं नाही. मला चिठ्ठ्या नकोत, एक नियम द्या. सातही जणांनी मिळून दिलेला. मग मला तो सगळ्यांना सांगता येईल.”

काकांनी मान हलवली, आणि खरं सांगायचं तर बाईंचं बोलणं दारातच विसरले. काम झालं होतं ना. तिसऱ्या दिवशी दुकानासमोरून इवली जाताना दिसली. काकांनी हाक मारून विचारलं. पहिल्या बाकावर ती दोनच दिवस बसली होती. मग अध्यक्षांच्या भाच्यासाठी चिठ्ठी आली होती. अध्यक्षांचं रंग आणि पत्र्यांचं मोठं दुकान होतं, त्यांची चिठ्ठी परत पाठवण्याची कुणाची प्राज्ञा नव्हती. इवली पुन्हा पाचव्या बाकावर, आणि वार्षिक परीक्षा चार महिन्यांवर.

पुढच्या बैठकीत नळाचा विषय संपल्यावर काका उभे राहिले. चष्मा दोनदा पुसला. दुसऱ्यांचे पुसणारा माणूस, आज स्वतःचा पुसत होता.

“एक ठराव मांडतो,” ते म्हणाले. “बसायच्या जागेसाठी किंवा तुकडीसाठी आपल्यातल्या कुणीही बाईंना चिठ्ठी द्यायची नाही, फोनही करायचा नाही. ज्या मुलांना दिसायला, ऐकायला अडचण आहे ती पुढं बसतील. दरवर्षी शाळा सुरू होताच सगळ्यांची तपासणी, डोळ्यांची माझ्याकडे लागली. आणि बाकीची मुलं दर सोमवारी एकेक बाक मागं सरकतील, शेवटच्या बाकावरची पुढं येतील.”

“मग लोकांनी आपल्याला निवडून कशाला दिलं?” अध्यक्षांनी विचारलं. त्यांचा आवाज मुळात मोठा.

“उद्यापासून आपल्या दारात उभं कोण राहणार?” बेकरीवाले म्हणाले. निदान मनातलं बोलले.

काकांनी मग सगळं सांगितलं. आपली चिठ्ठी, आपली नात, पट्टीवर उभी असलेली इवली, आठ फूट. “पस्तीस वर्षं मी लोकांना दिसावं म्हणून धडपडतोय, आणि एका पोरीच्या डोळ्यासमोरून फळा मीच उचलून नेला. मला त्या दिवसापासून धड झोप नाही. मी चांगला माणूस आहे असं मला वाटतं हो. पण चिठ्ठी लिहिताना मला एकच मूल दिसत होतं. उठवलेलं दिसलंच नाही.”

पोस्टातून निवृत्त झालेल्या बाईंनी अनुमोदन दिलं. हात वर झाले ते चार, विरोधात तीन. अध्यक्ष विरोधातले. पण त्यांनी इतिवृत्ताची वही पुढं ओढली आणि सही केली. “मला पटलेलं नाही,” ते म्हणाले, “पण ठराव झाला म्हणजे झाला. भाच्याला मीच सांगतो.” हा माणूस तोंडानं फटकळ असला तरी शब्दाचा पक्का, हे मानायला हवं.

इवली पहिल्या बाकावर आली. काकांच्या घरात मात्र सूनबाईंनी अबोला धरला. चहा समोर यायचा, पण कप जरा जोरात ठेवला जायचा. “स्वतःच्या नातीला मागं ढकलणारे समितीत तुम्ही एकटेच,” असं एकदा भिंतीकडे बघून बोलूनही झालं. काकांनी ऐकून घेतलं.

सोमवारमागून सोमवार गेले, आणि भिंगरी सरकत सरकत शेवटच्या बाकावर पोचली. त्याच दिवशी घरी येऊन तिनं दप्तर आदळलं. “आबा, मला फळा दिसत नाही.”

“घ्या,” सूनबाई म्हणाल्या. इतक्या आठवड्यांत सासऱ्यांशी बोललेला हा पहिला शब्द.

काका नातीला तसंच दुकानात घेऊन गेले आणि पट्टीवर उभं केलं. तिनं तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला, सगळ्यात बारीक ओळ तर उलटीकडूनही वाचून दाखवली. डोळे ठणठणीत. काका तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. “पुढं जायचंय म्हणून थाप मारतेस होय गं?”

भिंगरीचे डोळे भरून आले. “नाही रे आबा. उजवीकडचं दिसतच नाही, सगळं पांढरं होतं. तिथं कुणालाच दिसत नाही. मी विचारलं तर मुलं म्हणाली, सवय होते.”

दुसऱ्या दिवशी काका परवानगी घेऊन पाचवीच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले. गुडघे मावेनात, पोरं खुदखुदली. गणिताचा तास, मोठ्या बाईंचाच. अकरा वाजले तसं खिडकीतलं ऊन फळ्यावर आलं आणि उजवा अर्धा भाग नव्या पत्र्यासारखा लखलखायला लागला. दोन वर्षांपूर्वी अध्यक्षांनी शाळेला फळ्यांसाठी रंग भेट दिला होता, चांगला भारी, चकचकीत. फळा कसा उजळला म्हणून समितीनं टाळ्या वाजवल्या होत्या, पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर बसून. तेव्हापासून, भिंगरी सोडली तर, समितीतल्या कुणाचंही मूल शेवटच्या बाकावर बसलेलं नव्हतं. काकांच्या शेजारचा मुलगा फळ्याकडे न बघताच पुढच्याच्या वहीतून गणित उतरवत होता, अगदी सराईतासारखा.

त्यांनी अध्यक्षांना बोलावून आणलं आणि त्याच बाकावर बसवलं. अध्यक्ष बराच वेळ बसून राहिले. डोकं डावीकडे कलवून पाहिलं, उजवीकडे कलवून पाहिलं.

“हे आधी का नाही सांगितलंत?” त्यांनी बाईंना विचारलं. आवाज पहिल्यांदाच लहान होता.

“मी फळ्यापाशी उभी असते,” मोठ्या बाई म्हणाल्या. “मागची मुलं वहीत चुकीचं लिहायची. मी त्यांना लक्ष द्या म्हणून रागवायचे.”

रविवारी अध्यक्षांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि दहाही वर्गांतले फळे घासून त्यांवर मंद काळा रंग चढवला. मदतीला माणसं होती, पण पाचवीचा फळा त्यांनी कुणाला करू दिला नाही. पुढच्या बैठकीत ठरावाला एक कलम जोडलं गेलं. दर सत्रात समितीतल्या प्रत्येकानं एक तास कुठल्याही वर्गाच्या शेवटच्या बाकावर बसायचं. सूचक अध्यक्ष. यावेळी हात सात.

वार्षिक परीक्षेचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात इवली उभी, आणि सोबत तिचे बाबा. हा माणूस दुकानात कधी आला नव्हता. त्याच्या हातावर कडक इस्त्रीचा एक गणवेश होता, चार बोटांवर धरलेला, सुरकुती पडू नये असा.

“सहावीचा आहे,” तो म्हणाला. “मीच केली इस्त्री. सगळ्या विषयांत पास झाली.” मग घुटमळला. “काका, सहावीत पुढं बसवायला तुमची चिठ्ठी लागेल ना? ती मागायला आलो.”

“माझी चिठ्ठी आता शाळेत कुणी घेत नाही,” काका म्हणाले. हे वाक्य बोलताना त्यांची छाती पूर्वीपेक्षाही फुगली होती.

“मग कसं?”

“नियम आहे. हिला कमी दिसतं, म्हणून ही पुढं. विचारायला जायचंही काम नाही.”

“आणि पुढच्या वेळी तुम्ही निवडून आला नाहीत तर?”

“तरी ही पुढंच.”

कुणाचे पाय न धरता आपल्या मुलीला काही मिळतंय, हे त्याला सवयीचं नव्हतं. मग त्यानं गणवेश हळूच काउंटरवर ठेवला आणि मोकळ्या झालेल्या हातांनी तोंडावरून रुमाल फिरवला. काकांनी खणातून चिठ्ठ्यांचं जुनं पॅड काढलं. हल्ली ते त्यावर चष्म्यांचे नंबर लिहीत. इवली न सांगताच पट्टीवर जाऊन उभी राहिली होती.