गळ्याचं हाड

“बायका कशाला आत? आपल्यात चालत नाही,” असं म्हणून बाळासाहेबांनी सुलेखाला दाराशीच थांबवलं.

आत पोलादी थाळ्यावर तिचा नवरा भानुदास होता. म्हणजे त्याची हाडं. जपानी दहनभट्टीत हाडांची राख होऊ देत नाहीत. पांढऱ्या हातमोज्यांतल्या कर्मचाऱ्यानं सुशांतला आणि बाळासाहेबांना लांब हाशी दिल्या. या काड्यांनी एकेक हाड दोघांनी मिळून उचलायचं आणि कलशात ठेवायचं. सुरुवात पायांपासून.

भानुदास-सुशांत ही जोडी टोकियोच्या मराठी वस्तीत, हिगाशी-कसाईपासून ग्योतोकुपर्यंत, पोराटोरांना ठाऊक होती. डोक्यावर काउबॉय टोप्या, भानुदासकडे गिटार, सुशांतकडे बँजो. चाली अमेरिकेतल्या गुराख्यांच्या, शब्द आपल्या रडगाण्याचे. गणपतीत लोक एकच गाणं पुन्हा पुन्हा मागायचे.

*घोडा मेला रे मेला, खोगीर काढू नका,*
*उद्या डिलिव्हरी आहे, सुट्टी मागू नका!*

बाळासाहेब पहिल्या रांगेत मांड्या थोपटत हसायचे. पुण्याची सॉफ्टवेअरवाली पोरं जपानी कंपन्यांना पुरवायचा त्यांचा धंदा. ही दोघंही त्यांचीच. भानुदास रविवारी, क्लायंटच्या ऑफिसात, कीबोर्डवरच कोसळला. बाळासाहेबांनी सगळीकडे सांगितलं, हृदय आधीपासून कमजोर होतं. साफ खोटं. कमजोर काही असेल तर ती ‘नाही’ म्हणायची सवय.

“शोकसभेत ते घोड्याचंच घे रे,” पायाचं हाड उचलताना बाळासाहेब हळूच म्हणाले. “हसत निरोप देऊ. काय?”

पाय झाले, मांड्या झाल्या, बरगड्या झाल्या. मग कर्मचाऱ्यानं मानेजवळचं एक लहानसं हाड दाखवलं आणि कमरेत वाकून सांगितलं, हे गळ्याचं, शेवटी उचलायचं. सगळ्यांत जवळच्या दोघांनी.

बाळासाहेबांनी काड्या सरसावल्या. “मीच आणलं त्याला इथे. बापाच्या जागी मी.”

“हाशी खाली ठेवा,” सुशांत म्हणाला.

“काय म्हणालास?”

“आम्ही बोंबलत होतो, बाळासाहेब. स्टेजवर उभं राहून, माइकवर. तुम्ही वन्स मोअर दिलात.”

“शुद्धीवर आहेस का? मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय तुझं. व्हिसा माझ्या सहीवर आहे.”

“मग नका करू सही.”

त्यानं बाळासाहेबांच्या हातातल्या काड्या काढून घेतल्या आणि दार उघडलं. “वहिनी, या.”

सुलेखा थाळ्यापाशी आली. रडली नाही. नुसतं बघत राहिली.

“मला या काड्या धरता येत नाहीत, भावजी. भानू चिडवायचा त्यावरून.”

“मी धरतो घट्ट. तुम्ही फक्त पलीकडून टेकवा.”

पहिल्यांदा हाड निसटलं. कर्मचाऱ्यानं नजर खाली वळवली. दुसऱ्यांदा ते उचललं गेलं, पावाच्या सुक्या कडेसारखं हलकं. कलशाच्या तोंडाशी आल्यावर सुलेखा थांबली. सुशांतही थांबला. कर्मचारी तसाच वाकून उभा.

जपानमध्ये पहिल्यांदाच भानुदासला कुणी घाई करत नव्हतं.