कौलं पुढच्या फेरीला

सेवेचं भूत नवऱ्याच्या मानगुटीवर बसलं की बायकोने गपगुमान शिदोरी बांधायला घ्यावी, हे कार्मिनला पस्तीस वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. तिचा नवरा फर्डिनंड रेल्वेच्या हापिसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाला, त्याला दीड वर्ष होत आलं होतं. पहिले काही महिने त्याने वसईच्या आपल्या वाडीतल्या केळींना शिस्त लावून पाहिली. केळींनी दाद दिली नाही. मग तो नुसताच ओट्यावर बसून राहू लागला, आणि एका दुपारी म्हणाला, "कार्मिन, आता आपला कुणाला उपयोग नाही गं."

ते तिच्या काळजात रुतलं. म्हणून पुढे जे काही झालं त्यात तिने मोडता घातला नाही.

झालं ते फादर ऑगस्टीन यांच्याकडच्या एका परदेशी मासिकामुळे. त्यात एका अमेरिकन पेन्शनर जोडप्याचा फोटो होता. ही दोघं म्हणे चाकांवरच्या घरात राहतात, गावोगाव फिरतात आणि पडकी चर्चं उभारून देतात. फर्डिनंडने तो फोटो आठ दिवस खिशात बाळगला. नवव्या दिवशी मोडीत निघालेली एक रुग्णवाहिका विकत घेऊन तो वालीवला श्रीपत मिस्त्रीच्या दारात उभा राहिला. दोन महिन्यांनी ती घरी आली तेव्हा आत दोन पलंग, स्टोव्हचा कट्टा, जाळीचं कपाट, पाण्याची टाकी आणि आरशासकट बेसिन होतं. अख्खा गाव बघायला लोटला. पडवीत टेबलफॅन नसलेल्या माणसांनीही गाडीच्या पडद्यांचा रंग चुकला म्हणून मत दिलं.

काम फादरांनीच नेमून दिलं. जव्हारच्या पलीकडे बोरपाडा नावाची वारल्यांची वस्ती होती. तिथल्या चॅपेलचं छप्पर गेल्या वर्षी वादळात उडालं आणि अकरा मुलांचं पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा विधी, तेव्हापासून लटकलं होतं. ठरलं असं, की पाड्याने वासे तयार ठेवायचे, वसईकरांनी कौलं न्यायची. मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नव्या छपराखाली फादरांची मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी. हा रविवार हुकला तर फादर थेट पावसाळ्यानंतरच तिकडे जाणार होते.

निघायच्या दिवशी गाडी भरायला घेतली. परक्या गावचं पाणी बाधतं म्हणून घरच्या बावीच्या, म्हणजे विहिरीच्या, पाण्याचे दोन कॅन चढले. मग तांदूळ, सुकट, केळीचे तीन घड, गाद्या, फर्डिनंडची आरामखुर्ची. कार्मिनही काही मागे राहिली नाही. दुसऱ्याच्या पाट्यावर वाटलेल्या मसाल्याला चव येत नाही म्हणून तिने आपला पाटा-वरवंटा चढवला. शेवटी एक संगमरवरी पाटी आली, 'हे चॅपेल फर्डिनंड तुस्कानो यांनी पुन्हा उभारले' अशी. चॅपेलच्या आधी पाटी तयार झाली होती, त्यात गावाला काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे बाळाच्या आधी त्याचं नाव तयार असतं.

मग कौलांची पाळी आली. जागा उरली होती ती जेमतेम अकरा कौलांची.

"अकरा कौलांत काय शाकारणार, कोंबड्यांचं खुराडं?" कार्मिन म्हणाली.

फर्डिनंडने गाडीकडे पाहिलं, कौलांच्या ढिगाकडे पाहिलं, आणि हापिसात तीस वर्षं फायलींवर मारला तोच शेरा मारला, "कौलं पुढच्या फेरीला."

बुधवारी ते पोचले, पण पाड्याअलीकडच्या ओहोळाशी गाडी अडली. पलीकडचे धर्मशिक्षक गॅब्रिएल मास्तर धावत आले. त्यांनी आधी गाडीच्या आत पाहिलं, मग मागे पाहिलं.

"कौलं मागून येतायत का?"

"पुढच्या फेरीला," फर्डिनंड म्हणाला. "आधी गाडी पलीकडे घेऊ."

बुधवार आणि गुरुवार पाड्यावरचे बाप्ये दगड वाहत होते. त्यांनी ओहोळात भर घातली, चढ फोडला, आणि ढकलत-ढकलत ते फिरतं घर चॅपेलच्या अंगणात नेऊन ठेवलं. तिथे सावलीचं नाव नव्हतं. पत्र्याचा डबा भट्टीसारखा तापला आणि फर्डिनंडला भोवळ आली. पाहुणा उन्हात तळतोय हे पाड्याला बघवेना. शुक्रवारी सगळ्यांनी मिळून गाडीवर मांडव घातला. चांगला उंच, ऐसपैस, वर सागाची पानं आणि गवत. त्यासाठी वासे शोधायला लांब जावं लागलं नाही. चॅपेलच्या छपरासाठी तासून ठेवलेले तयारच होते.

घरच्या बावीचं पाणी तर पहिल्याच दिवशी संपलं होतं. तेव्हापासून बायका ओहोळातल्या झऱ्यावरून हंडे आणून गाडीची टाकी भरत होत्या. पाच हंड्यांची टाकी. फर्डिनंड दाढी करून बेसिनचं बूच काढायचा आणि ते पाणी खाली मातीत जायचं. सोनी नावाची म्हातारी रोज उभी राहून हे बघायची.

शनिवारी दुपारी गॅब्रिएल मास्तर आले. "फादर आधी दोन पाडे करून उद्या भर बारा वाजता येतील," ते म्हणाले. "वर छप्पर नाही. पोरांना परत सांगू का, पावसाळ्यानंतर?"

फर्डिनंडने डोक्यावरच्या वाशांकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. कार्मिनने ते पाहिलं. तिला त्याचा राग आला, आणि स्वतःच्या पाट्या-वरवंट्याचा त्याहून जास्त.

"अहो," ती म्हणाली, "गाडी काढा."

"परत जायचं?"

"नाही. उन्हात उभी करा. मांडव मोकळा करा."

गाडी सुरू होईना, तेव्हा पुन्हा पाड्यानेच ढकलली. या वेळी फर्डिनंडही मागून ढकलत होता. रविवारी बारा वाजता अकरा पोरं धुतलेल्या कपड्यांत मांडवाखाली रांगेत बसली. वेदीच्या लाकडी खोक्यावर सपाट दगड हवा होता. फर्डिनंड गाडीत गेला, पाटी घेऊन आला आणि अक्षरं खाली करून त्याने ती खोक्यावर ठेवली. मास्तरांनी विचारलं, यावर काही लिहिलंय का. तो म्हणाला, नाही.

निघताना पाड्याने ताडगोळ्यांची टोपली भरून दिली. मास्तरांनी रस्ता झाला म्हणून आभार मानले, मांडव झाला म्हणून आभार मानले. ते मनापासून बोलत होते आणि त्यामुळेच फर्डिनंडला ऐकवेना. मग सोनी म्हातारी पुढे झाली.

"पुढल्या साली या," ती म्हणाली. "पन गाडी घरी ठेवा. तिचंच करता करता आमचे चार दिस गेले."

कार्मिनने डोळे मिटून घेतले. फर्डिनंडचा चेहरा पडला होता. त्याने विचारलं, "मग मी येऊन करू काय?"

"पानी भरा," सोनी म्हणाली, "आमी भरलं तसं."

फर्डिनंड गाडीत चढला नाही. त्याने म्हातारीच्या हातातला हंडा घेतला आणि नवीन रस्त्याने ओहोळाकडे निघाला. बऱ्याच वेळाने तो चढ चढताना दिसला. हंडा खांद्यावर, सदरा चिंब, मागे पाड्यावरची पोरं खिदळत. सोनीच्या दारात त्याने हंडा टेकवला. म्हातारीने आत वाकून पाहिलं.

"अर्धाच हाय."

"उरलेला आणतो," फर्डिनंड म्हणाला, आणि परत ओहोळाकडे वळला.