पाळण्यावरचं एल्क

शनिवारी एल्कचं पेंढा भरलेलं मुंडकं बाळाच्या, वेसच्या, पाळण्यावरच्या भिंतीला टांगलं, तेव्हापासून त्याची आई, जोलीन, येता-जाता ते जागेवर आहे ना हे बघायची. बैलाएवढ्या हरणाचं ते मुंडकं, शिंगांसकट, दोघांनी मिळून उचलावं लागलं होतं. पण आजोबांची शिकार नातवाच्या खोलीत लागणं हा मोंटानातल्या त्या घराचा मान होता. त्याला नाही म्हणायची सोय नव्हती.

भिंत ड्रायवॉलची, म्हणजे जिप्समच्या पातळ फळ्यांची. वरून गुळगुळीत, आतून पोकळ; भार पेलतो तो मागचा लाकडी खांब. तिच्या नवऱ्याने, कर्टने, भिंत ठोकून खांब शोधला, तर तो पाळण्याच्या मध्यापासून वीतभर डावीकडे निघाला. कर्टला मुंडकं मधोमधच हवं होतं.

"मग भिंतीमागे जाऊन छत्रीसारखे उघडतात ते बोल्ट तरी आण," जोलीन म्हणाली होती.

"घरात प्लास्टिकच्या गिट्ट्या आहेत की."

"त्या फोटोच्या फ्रेमसाठी असतात."

"अगं, चार ठोकतो ना."

चार अशक्त माणसं मिळून एक पैलवान होतो, असा कर्टचा हिशेब.

आज वेसचा पहिला वाढदिवस. घरच्या रिवाजाप्रमाणे सासऱ्यांनी, व्हर्लबाबांनी, नातवाला पाळण्यावरून उंच धरलं आणि त्याच्या मुठीत शिंग दिलं. कर्ट फोन घेऊन फोटोसाठी सज्ज.

"घट्ट धर रे मर्दा," बाबा म्हणाले. "तुझ्या बापाने याच वयात भोकाड पसरलं होतं."

वेसने खिदळत शिंग ओढलं. बाबांच्या टोपीवर पांढरी भुकटी पडली.

जोलीनने वर पाहिलं. मुंडकं आणि भिंत यांच्यात बोटभर फट पडली होती. ती पाळण्यापाशी धावली.

"बाबा, हलू नका."

"एक फोटो होऊ दे गं."

"मागे सरू नका, बाबा. त्याने शिंग सोडलेलं नाही."

आणखी भुकटी त्यांच्या बाहीवर पडली, तेव्हा त्यांना कळलं. जन्मभर रानात हिंडलेला तो माणूस पांढराफटक पडला.

ती वेसचं एकेक बोट सोडवू लागली. एक सुटलं की दुसरं आवळायचं. त्याला तो खेळच वाटत होता. रडला तर हिसका देईल, म्हणून तीही हसत राहिली. बोटं सोडवता सोडवता ती त्याच्याशी बोबडं बोलत होती.

शेवटी अंगठा सुटला. बाबांनी वेसला छातीशी धरलं आणि सगळे मागे सरले.

"बघ, पडलं का?" कर्ट म्हणाला. "उगीच घाबरवतेस तू."

त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच चारही गिट्ट्या भिंतीतून निघाल्या. आधी पुठ्ठा फाटल्यासारखा आवाज झाला, मग पाळण्याच्या फळ्या मोडल्याचा.

बाबांनी टोपी काढून झटकली. जोलीनने मोडक्या पाळण्यात वाकून पाहिलं. शिंगाचं टोक गादीत रुतलं होतं, दुपारी वेस डोकं ठेवतो तिथे, अगदी मधोमध.